शब्दविचार : ‘स्पेअर’ करणें

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात : “माझा मुलगा आठव्या इयत्तेंत आहे. त्यास इंग्रजी निबंधासाठीं ‘माझी आई’ हा विषय दिला होता. त्यानें एक वाक्य असें लिहिलें : ‘माय मदर स्पेअर्स मनी एव्हरी मंथ.’ मास्तरांनीं त्यांतील क्रियापदावर तांबडी रेघ ओढून वर ‘सेव्ह्ज’ असें लिहिलें. मुलगा कोश घेऊन माझ्याकडे आला. कोशांत ‘स्पेअर’ या शब्दापुढें ‘काटकसरीनें वापरणें’ असा अर्थ स्पष्ट दिलेला आहे. मग कोश खरा कीं मास्तर खरे? आणि मास्तर खरे असतील, तर मुलाची समजूत कशी घालावी?”

प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. आम्हीं स्वतः तीस-पस्तीस वर्षें शाळेंत हीच तांबडी रेघ ओढली. रेघ बरोबर होती. परंतु ती कां बरोबर आहे, हें मुलांस सांगण्याची तसदी आम्हीं क्वचितच घेतली. ‘इंग्रजींत असें म्हणत नाहींत’ एवढें बोललें कीं मास्तरांचें काम भागतें, आणि मुलाची शंका जेथल्या तेथें राहते. त्या जुन्या कसुरीची थोडी भरपाई करावी, म्हणून या महिन्याची सर्व जागा आम्हीं या एका क्रियापदास दिली आहे.

प्रथम उत्तर सांगून टाकतों. मास्तर खरे आहेत, आणि कोशही खोटा नाहीं. कोश शब्दाचे अर्थ सांगतो. ते अर्थ वाक्यांत कोणत्या वाटेनें शिरतात, हें तो दरवेळीं सांगत नाहीं. आजच्या इंग्रजींत ‘स्पेअर’ या क्रियापदाच्या मुख्य वाटा चार आहेत. त्या मुलांनीं ध्यानांत ठेवाव्या.

पहिली वाट जीवदानाची. राजानें बंदिवानास ठार न करितां सोडून दिलें, तर ‘द किंग स्पेअर्ड हिम’ असें म्हणतात. वादळानें सारा गांव झोडपला, पण देवळास धक्का लागला नाहीं, तर वादळानें देऊळ ‘स्पेअर’ केलें. येथें अपाय करण्याची शक्ति हातीं असून तो न करणें, असा अर्थ आहे.

दुसरी वाट त्रास चुकविण्याची. येथें क्रियापदास दोन कर्में लागतात, एक माणूस व दुसरा त्रास. ‘आय वॉन्टेड टु स्पेअर यू द ट्रबल’ म्हणजे ‘तुम्हांस उगाच तसदी पडूं नये असें माझ्या मनांत होतें’. मुलें येथें ‘यू’ च्या पुढें ‘फ्रॉम’ हें अव्यय घालतात. तें ‘सेव्ह’ ला शोभतें, ‘स्पेअर’ ला त्याची गरज नाहीं.

तिसरी वाट हात आखडण्याची, आणि मुलानें कोशांत पाहिलेला अर्थ तो हाच. परंतु या वाटेवर एक नाकें आहे. आजच्या इंग्रजींत हा अर्थ बहुधा नकाराचें बोट धरूनच चालतो. ‘दे स्पेअर्ड नो एक्स्पेन्स’ म्हणजे त्यांनीं खर्चास मागें-पुढें पाहिलें नाहीं. ‘ही स्पेअर्ड नो पेन्स’ म्हणजे त्यानें कष्टांत कसूर केली नाहीं. नकार काढून ‘ही स्पेअर्ड एक्स्पेन्स’ असें म्हटलें तर इंग्रजी कानास तें खटकतें. होकारार्थीं बोलावयाचें झाल्यास ‘स्पेअरिंग’ हें विशेषण किंवा ‘स्पेअरिंग्ली’ हें क्रियाविशेषण घ्यावें. आमटींत मीठ ‘स्पेअरिंग्ली’ घाला, म्हणजे बेतानें घाला.

चौथी वाट देण्याची. ही सर्वांत अधिक वाहती आहे, व बहुधा ‘कॅन’ या सहाय्यक क्रियापदाबरोबर येते. ‘कॅन यू स्पेअर मी टेन मिनिट्स?’ म्हणजे ‘आपल्या कामाचा खोळंबा न होतां मला दहा मिनिटें देतां येतील काय?’ ‘आय कॅन स्पेअर फिफ्टी रुपीज’ म्हणजे ‘पन्नास रुपये मी देऊं शकतों, त्यांवांचून माझें अडणार नाहीं’.

आतां मुलाचें वाक्य पुनः पाहावें. ‘आय सेव्ह्ड फिफ्टी रुपीज’ म्हटलें तर रुपये पेटींत गेले. ‘आय स्पेअर्ड फिफ्टी रुपीज’ म्हटलें तर ते पेटींतून बाहेर आले! मुलास म्हणावयाचें होतें कीं आई दरमहा पैसे शिल्लक टाकते. वाक्यानें सांगितलें कीं आई दरमहा पैसे काढून देते. ऐकणारा इंग्रज साहजिकच विचारील, ‘कोणाला?’ म्हणून मास्तरांची रेघ योग्य. या ‘कोणाला?’ कडे आम्ही शेवटीं परत येणार आहों; तोंवर वाचकांनीं तो प्रश्न मनांत ठेवावा.

याच क्रियापदाचें विशेषण आपल्या घरोघरीं मराठीच होऊन बसलें आहे. ‘स्पेअर पार्ट’ हा शब्द न शिकलेला गॅरेजवालाही वापरतो. मोटारीच्या जादा चाकास मात्र आपण ‘स्टेपनी’ म्हणतों, आणि त्या नांवाची हकीकत गमतीची आहे. वेल्स प्रांतांतील लानेली गांवीं स्टेपनी नांवाचा रस्ता आहे. तेथें १९०४ सालीं टॉमस मॉरिस डेव्हिस यानें मोटारीसाठीं जादा चाक काढलें. त्यापूर्वीं मोटारींबरोबर असें चाक देत नसत. चाक फुटलें कीं प्रवासी वाटेंत बसला. रस्त्याचें नांव चाकास मिळालें, आणि विलायतेंत बहुतेक विसरलेलें तें नांव आपल्याकडे टिकून राहिलें. जादा चाक म्हणजे रोज वापरावयाचें नव्हे, पण वेळेस उपयोगीं पडावें म्हणून राखलेलें. ‘स्पेअर’ या शब्दाचें मर्म त्या एका चाकांत सांठलें आहे.

आतां शब्दाच्या कुळाकडे वळूं. चार वाटा पाहून कोणीही विचारील कीं, जीवदान, त्रास चुकविणें, हात आखडणें व देणें, असे परस्परांपासून दूरचे अर्थ एका शब्दांत आले कसे? हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत याचें रूप ‘स्पारियन’ असें होतें, आणि दया करून सोडून देणें व बेतानें वापरणें हे दोन्ही अर्थ त्या जुन्या रूपांतच एकत्र नांदत होते. जर्मन भाषेंतील भाऊ ‘श्पारेन’. त्या भावानें मात्र पैशाची बाजू घेतली. जर्मनींत ‘श्पारेन’ म्हणजे मुख्यत्वेंकरून पैसे शिल्लक टाकणें, आणि शिल्लक ठेवण्याच्या पेढीस ते ‘श्पारकासे’ म्हणतात. मुलाचें वाक्य शब्दशः जर्मनींत लिहिलें असतें तर तें बरोबर ठरलें असतें!

इंग्रजांनीं पैशाच्या कामासाठीं दुसरें क्रियापद जवळ केलें, तें ‘सेव्ह’. स्कॉटलंडांतील रूथवेल या खेड्यांत हेन्री डंकन या धर्मोपदेशकानें १८१० सालीं गरिबांसाठीं पेढी काढली, तिला नांव मिळालें ‘सेव्हिंग्ज बँक’. तेंच नांव १८८२ सालीं टपाल खात्याबरोबर आपल्या देशांत सर्वत्र पोहोंचलें, आणि पोस्टाचें पासबुक पुष्कळ मध्यम स्थितींतील घरांत देव्हाऱ्याशेजारीं जाऊन बसलें. ‘सेव्ह’ चें मूळ लॅटिन ‘साल्वुस’, अर्थ अखंड, सुरक्षित. आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या संस्कृत ‘सर्व’ शब्दाशीं जोडतात. जें सर्वच्या सर्व राहिलें, ज्याचा तुकडा पडला नाहीं, तें ‘सेव्ह’ झालें. उलट ‘स्पेअर’ मध्यें तुकडा पडणें गृहीत आहे. आपल्याजवळच्यांतून कांहीं बाजूस काढावयाचें आहे.

दयेचा अर्थ इंग्रजींत किती खोल रुजला आहे हें पाहावयाचें असेल, तर त्यांचें प्रार्थनापुस्तक पाहावें. १५४९ सालच्या त्या ग्रंथांत ईश्वराची करुणा भाकतांना याच क्रियापदाची योजना केली आहे. छडीविषयींची प्रसिद्ध म्हण तर आम्हां मास्तर लोकांच्या फारच परिचयाची. तिचें मूळ बायबलांतील नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायांत असून, आजचें तिचें सुटसुटीत रूप सॅम्युअल बटलर या कवीनें सतराव्या शतकांत रूढ केलें. तेथें छडी ‘स्पेअर’ करणें म्हणजे ती मोडेल म्हणून जपून ठेवणें नव्हे, तर ती मुलावर न उगारणें. शब्द छडीस लागला, पण वांचली ती मुलाची पाठ! २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मारणें निषिद्ध ठरविल्यापासून कायद्याच्या दृष्टीनें तरी छडी सर्वत्र ‘स्पेअर’ झाली आहे, आणि ज्यांनीं ती वापरली त्यांनींच सांगावें कीं तें योग्य झालें.

हा दया व काटकसर यांचा शेजार केवळ इंग्रजींतच असता, तर आम्ही त्यास योगायोग म्हटलें असतें. परंतु लॅटिन भाषेंत पाहावें, तों तेथेंही तोच प्रकार. लॅटिन ‘पार्केरे’ या क्रियापदाचे अर्थ दोन : क्षमा करून सोडून देणें, आणि खर्च बेतानें करणें. व्हर्जिल कवीनें आपल्या ‘ईनिड’ काव्याच्या सहाव्या सर्गांत रोमन लोकांचें कर्तव्य सांगतांना, शरण आलेल्यांना अभय देण्यासाठीं हेंच क्रियापद योजिलें आहे. आणि याच क्रियापदाच्या कुळांत ‘पार्सिमनी’ हा इंग्रजी शब्द जन्मला, ज्याचा आजचा अर्थ चिक्कूपणा! घराणें एकच, एक मुलगा अभय देणारा निघाला, दुसरा मूठ न उघडणारा.

आमच्या संस्कृत वाचकांस येथें आपला ‘कृपण’ शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. ‘कृपा’ आणि ‘कृपण’ हे एकाच धातूचे. गीतेचा दुसरा अध्याय ज्यांस पाठ आहे, त्यांनीं पाहावें : आरंभींच अर्जुन कृपेनें व्याप्त झालेला आहे, सातव्या श्लोकांत तो स्वतःच्या कार्पण्यदोषाचा उल्लेख करितो, आणि एकोणपन्नासाव्या श्लोकांत फळाच्या आशेनें कर्म करणारांस भगवंतांनीं ‘कृपण’ म्हटलें आहे. तेथें चिक्कू असा अर्थ घेतला तर श्लोक लागत नाहीं. ‘कृपण’ याचा मूळ अर्थ दीन, कींव करण्याजोगा. पुढें व्यवहारांत तो शब्द पैशास चिकटून बसणाऱ्या माणसाकडे गेला, आणि आमच्या मतें त्यांत मोठें शहाणपण आहे. ज्याची पेटी भरलेली व मूठ मिटलेली, त्याचा लोक हेवा करतात; भाषा त्याची कींव करिते.

आतां ‘स्पेअर’ च्या शेजाऱ्यांचाही थोडा परिचय करून घेऊं, कारण निबंधांत मुलें त्यांचीही गल्लत करतात. ‘स्क्रिम्प’ हा शब्द स्कॉटलंडच्या बोलींतून अठराव्या शतकांत वर आला. त्याचें नातें आकसणें, सुरकुतणें या अर्थाच्या जर्मन शब्दाशीं लावतात. ‘स्क्रिम्प अँड सेव्ह’ असा तो जोडीनेंच पुष्कळदां येतो, आणि त्यास आपल्याकडे अगदीं नेमका प्रतिशब्द आहे : पोटाला चिमटा घेऊन पैसा उरविणें. ‘स्किम्प’ हा दिसण्यांत त्याचा जुळा, पण स्वभावानें निराळा. हा बहुधा ‘ऑन’ या अव्ययासह येतो व त्यांत ठपका असतो. कंत्राटदार सिमेंटांत ‘स्किम्प’ करितो, खानावळवाला तुपांत करितो. ‘स्टिंट’ हा तिसरा. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ बोथट करणें असा होता, आणि वाढ खुंटणें या अर्थाचा ‘स्टंट’ त्याचा सख्खा भाऊ. मोजून-मापून, अपुरेंच देणें, असा त्याचा आजचा भाव. इंग्लंडांतील गांवच्या सामाईक कुरणांत प्रत्येकानें किती जनावरें सोडावीं, या ठराविक हिश्शासही ‘स्टिंट’ म्हणत.

या तिघांतील भेद ओळखण्यास आम्ही मुलांस एक खूण सांगत असूं. काटकसरीचा चिमटा कोणास बसतो, तें पाहावें. स्वतःस बसला तर ‘स्क्रिम्प’. दुसऱ्यास किंवा कामास बसला तर ‘स्किम्प’. वांटा ठरवून देणाऱ्यानें तो घेणाऱ्यास लावला तर ‘स्टिंट’. आणि कोणासही न बसतां चार पैसे बाजूस राहिले, व पुढें कोणाच्या उपयोगीं पडले, तर त्या पैशांस ‘स्पेअर’ हा शब्द शोभतो.

ही खूण वर्गांत सांगणें सोपें; घरांत लावून पाहणें अवघड. आपल्या घरांत काटकसर चालते असें आपण अभिमानानें म्हणतों, तेव्हां पुष्कळदां घरांतील एकच माणूस ‘स्क्रिम्प’ करीत असतें, आणि बाकीचे त्याचें श्रेय वांटून घेतात. सर्वांचीं पानें उठल्यावर जी जेवावयास बसते, जिच्या वाट्यास सकाळची पोळी येते व जिचें लुगडें आणखी एक दिवाळी निभावून नेतें, तिला विचारल्यावांचून ‘आमचें घर काटकसरी आहे’ असें पुरुषांनीं म्हणूं नये. कोंड्याचा मांडा करण्याचें कौतुक ठीक आहे. पण मांडा कोणी खाल्ला व कोंडा कोणाच्या वाट्यास आला, हेंही पाहावें.

मराठींत ‘स्पेअर’ ला शब्द कोणता? कोशकार ‘काटकसर करणें’ म्हणतात, तें अपुरें आहे. आमच्या मतें खरा प्रतिशब्द ‘राखणें’. हा शब्द संस्कृत ‘रक्ष्’ धातूपासून आला, म्हणजे दयेच्या व संरक्षणाच्या घरचा. ‘शरण आलेल्याचा जीव राखला’ ही पहिली वाट झाली. ‘त्याची अब्रू राखली’ म्हणजे त्यास अपमानापासून चुकविलें, ही दुसरी. ‘हात राखून वाढलें’ ही तिसरी. आणि ‘धाकट्यासाठीं दोन लाडू राखून ठेवले’ ही चौथी. चारही वाटा एका मराठी क्रियापदांत इतक्या चोख बसतात, हें आम्हांस शाळेंत असतांना सुचलें नाहीं. तें आम्हांस घरीं शिकावें लागलें, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें दिली. ती गोष्ट सांगण्यासारखी नाहीं, पण सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. वरच्या वर्गांत एक मुलगा होता. वडील नव्हते, आई खेड्यावर दुसऱ्यांच्या शेतांत कामास जाई. मुलगा गांवांत एका ओळखीच्यांच्या पडवींत राहून शिके. हुषार होता, संस्कृतांत विशेष. एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास तो आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. परीक्षेच्या फीचा दुसरा दिवस शेवटचा होता, आणि साठ रुपये कमी पडत होते. आईकडून पैसे यावयाचे ते आले नव्हते.

आमच्या कपाटांत त्या वेळीं एका पाकिटांत शंभरांवर रुपये होते. पावसाळा जवळ आला होता, आणि घर शाकारावयाचें होतें. कौलांसाठीं म्हणून आम्हीं ते महिना-महिना करून बाजूस टाकले होते. मुलास आम्हीं म्हटलें, “अरे, आत्तां शिल्लक नाहींत रे. पुढच्या महिन्यांत असते तर दिले असते.” तो “बरं गुरुजी” म्हणाला, वांकून नमस्कार केला, आणि गेला.

सौभाग्यवती आंत कणीक मळीत होत्या. हात तसेच घेऊन त्या दारांत आल्या.

“अहो, खरंच नव्हते का पैसे?”

“होते. पण ते कौलांसाठीं राखले आहेत.”

“राखले आहेत म्हणजे आहेतच कीं. राखायचे ते कशासाठीं? असं कोणी दारांत आलं म्हणजे ‘नाहीं’ म्हणावं लागूं नये, म्हणूनच ना?”

आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं हात धुतले, तुरीच्या डाळीचा डबा उघडला, आणि डाळींतून एक पुरचुंडी काढून आमच्यापुढें ठेविली. तींत छत्तीस रुपये होते. घरखर्चांतून ते कसे उरले, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, आणि त्या दिवशीं विचारावयास धीर झाला नाहीं. त्या म्हणाल्या, “यांत तुमचे चोवीस घाला आणि आत्तां जाऊन द्या.”

आम्हीं म्हटलें, “आतां रात्र झाली. सकाळीं शाळेंतच देतों.”

सकाळीं मुलगा शाळेंत आला नाहीं. मधल्या सुटींत आम्ही त्याच्या बिऱ्हाडीं गेलों. घरच्या बाई म्हणाल्या कीं तो पहाटेच्या पहिल्या गाडीनें आपल्या गांवीं गेला. ट्रंकही घेऊन गेला. फी भरण्याची मुदत त्या दिवशीं संपली. आम्हीं मागाहून त्याच्या गांवीं दोन पत्रें टाकलीं. उत्तर आलें नाहीं. पुढें कळलें कीं तो मुंबईस एका गुदामांत कामास लागला. परीक्षेस तो त्या वर्षीं बसला नाहीं, पुढेंही बसला नाहीं.

त्या पावसाळ्यांत आमचें छप्पर कोठेंही गळलें नाहीं, एवढें मात्र खरें.

वाचकांनीं आमचें सांत्वन करूं नये. त्यासाठीं हें लिहिलें नाहीं. लिहिण्याचें कारण शब्दाचा अर्थ हेंच आहे. त्या संध्याकाळीं आमच्या घरांत दोन ठिकाणीं पैसे होते. पाकिटांतले आम्हीं ‘सेव्ह’ केले होते. डाळीच्या डब्यांतले सौभाग्यवतींनीं ‘स्पेअर’ केले होते. दोहोंचा रंग एकच, छाप एकच. फरक इतकाच कीं दारांत माणूस उभा राहिला तेव्हां एका पैशाला तो दिसला, दुसऱ्याला दिसला नाहीं. इंग्रजी शिकविणारे आम्ही होतों. चौथ्या वाटेचें वाक्य आम्हीं फळ्यावर शंभर वेळां लिहिलें असेल. परंतु ज्यांनीं तें वाक्य कधीं वाचलें नव्हतें, त्यांनाच त्याचा अर्थ ठाऊक होता.

छपराची काळजी वाहणें चूक होतें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. संसारी माणसानें पावसाळ्यापूर्वीं घर शाकारलेंच पाहिजे. जो स्वतःच्या घराकडे पाहत नाहीं, तो दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. पण त्या वर्षीं निम्मीं कौलें बदलून निम्म्यांवर ताडपत्री घातली असती तरी निभावलें असतें. आम्हीं हिशेब केला तो कौलांचा. एका वर्षाचा व एका आयुष्याचा हिशेब त्यांत धरला नाहीं. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे ‘सकाळीं देतों’ असें म्हटलें. देण्याच्या क्रियापदास काळ असतो, हें व्याकरणाच्या मास्तराला तरी समजावयास हवें होतें.

त्यानंतर घरांत एक रीत पडली. पगार झाला कीं थोडी रक्कम डाळीच्या डब्यांतच जाई, आणि ती परीक्षेच्या फीखेरीज कशालाही हात लावावयाची नाहीं, असें ठरलें. पेन्शन झाल्यावर रक्कम लहान झाली, पण डबा अजून तोच आहे. ज्या मुलांना ती मिळाली, त्यांतील कांहींनीं परत केली, कांहींना जमलें नाहीं. आम्हीं मागितली नाहीं. ज्याच्यामुळें हें सुरू झालें, त्याला मात्र त्यांतला एक रुपयाही पोहोंचला नाहीं.

आतां पत्रलेखक भगिनींच्या चिरंजीवांकडे वळूं. बाळ, तुझें वाक्य इंग्रजीच्या रूढीप्रमाणें चूक आहे. आई पैसे शिल्लक टाकते, इतकेंच सांगावयाचें असेल, तर मास्तरांनीं लिहिलेला ‘सेव्ह्ज’ हाच शब्द घाल. ती स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन टाकीत असेल, तर ‘स्क्रिम्प्स अँड सेव्ह्ज’ असें लिही. पण तसें लिहिण्यापूर्वीं तिचा तो चिमटा थोडा सैल करतां येईल काय, हें घरांत सर्वांनीं मिळून पाहा. आणि तुला ‘स्पेअर’ हाच शब्द ठेवावयाचा असेल, तर वाक्य असें कर : ‘माय मदर ऑल्वेज हॅज समथिंग टु स्पेअर.’ याचा अर्थ असा कीं माझ्या आईजवळ नेहमीं कांहीं ना कांहीं राखलेलें असतें, आणि येणारा रिकाम्या हातानें जात नाहीं. व्याकरणदृष्ट्या तें निर्दोष आहे. कोणीही मास्तर त्यावर रेघ ओढणार नाहीं.

मात्र तें वाक्य लिहिण्यापूर्वीं आईस विचारून घे, आणि डाळीचा डबा एकदां उघडून पाहा.